मदत हवी आहे : मुलासोबत शहर कसं बघावं?

एका स्वयंसेवी उपक्रमात मी दहा वर्षांच्या मुलाची ताई आहे. सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघं शहरातली जुनी ठिकाणं बघायला जातो. संग्रहालयातले फलक वाचून दाखवले की तो लगेच कंटाळतो. पण सूर्यघड्याळापाशी मात्र जागचा हलेना! सूर्य आकाशात तासाला १५ अंश सरकतो, एवढंच मी सांगितलं होतं. त्याने सावलीच्या टोकाशी खडा ठेवला आणि ती पुढे सरकेपर्यंत टक लावून बसला. मला वाटतं, हाताने करून बघण्यातच त्याला गोडी आहे.

तर पुतळे, जुन्या इमारती, संग्रहालयं इथे असं काय करून घेता येईल? शिवाय पुढचं ठिकाण त्यालाच निवडू द्यावं का? अनुभवी मंडळींनी कृपया सुचवा.