सिनेमासाठी रिसीव्हर की सेपरेट्स? माझं मत सेपरेट्सच

मूळ पोस्ट:
पाच वर्षं ७ चॅनेलचा रिसीव्हर (प्रोसेसर आणि अँप एकाच डब्यात) वापरला, आता सेपरेट्स, म्हणजे आवाज डीकोड करणारा प्रोसेसर वेगळा आणि स्पीकरला ताकद देणारा पॉवर अँप वेगळा घेतलाय आणि परत मागे जाणार नाही. खोक्यावर १०० वॅट लिहिलेलं असतं ना, ते बहुतेक वेळा दोनच चॅनेल चालू ठेवून मोजलेलं असतं, सातही एकदम वाजायला लागले की सगळ्यांचा भार एकाच पॉवर सप्लायवर आणि मग तेवढे वॅट निघतच नाहीत. माझे फ्रंट स्पीकर ४ ओहमचे, म्हणजे अँपकडून जास्त करंट ओढणारे, मोठा स्फोटाचा सीन आला की रिसीव्हर स्वतःला वाचवायला प्रोटेक्शनमध्ये जाऊन बंद. वेगळा अँप लावल्यापासून एकदाही झालं नाही.

प्रतिसाद १:
त्रास खरा आहे पण तो ४ ओहमचा आहे हो, सगळ्या रिसीव्हरना कशाला नावं ठेवता? साधं गणित बघा. आवाज ३ डीबी (डेसिबल) वाढवायचा तर पॉवर दुप्पट लागते, म्हणजे १०० वॅट काढून २०० वॅटचा अँप आणला तरी हातात ३ डीबीच, आणि कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डीबी लागतात म्हणजे दहापट पॉवर. शिवाय क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचा आवाज सबवूफरकडे जातो ती सीमा) ८० हर्ट्झला ठेवला की जो बेस सगळ्यात जास्त पॉवर खातो तो सबवूफरच्या स्वतःच्या अँपवर जातो, मग रिसीव्हरला उरतं किती? तेच पैसे दुसऱ्या सबवूफरला आणि खोलीच्या ट्रीटमेंटला (आवाज शोषणारे पॅनेल वगैरे) लावा, जास्त फरक पडेल.

प्रतिसाद २:
वॅटचं राहू दे. चांगला पॉवर अँप २० वर्षं चालतो, जुनी होते ती डिजिटल बाजू. २०१४ मध्ये अ‍ॅटमॉस (डोक्यावरूनही आवाज येणारा फॉरमॅट) घरात आलं, ४के साठी एचडीसीपी २.२ (कॉपी रोखणारं संरक्षण) लागलं, मग एचडीएमआय २.१ (केबल जोडणीची नवी आवृत्ती), दरवेळी नुसत्या बोर्डापायी धडधाकट अँप पण काढून टाकायचा? हे मला पटत नाही.

प्रतिसाद १:
पण प्रोसेसर बऱ्याचदा त्याच दर्जाच्या रिसीव्हरपेक्षा महाग असतो, आणि जुना तोही तेवढाच लवकर होतो! त्यापेक्षा प्रीआउट (बाहेरच्या अँपला सिग्नल देणारी जोडणी) असलेला रिसीव्हर घ्या, फ्रंटच्या तिघांना बाहेरचा अँप, सराउंड राहू देत आतल्यावर.

मूळ पोस्टवाला:
हे मान्य, ४ ओहमचे स्पीकर नसते तर मीही कदाचित इथेच थांबलो असतो. पण घेताना आतले अँप बंद करायची सोय आहे का ते बघा, काही मॉडेलमध्ये आतला अँप क्लिप व्हायला (ताकद संपून आवाज फाटायला) लागला की प्रीआउटचा सिग्नलही खराब होतो. आणि अँप जोडल्यावर रूम करेक्शन (माइकने खोली मोजून लेव्हल बसवणं) परत चालवा, गेन (अँप सिग्नल किती वाढवतो ते) वेगळा असतो त्यामुळे जुन्या लेव्हल चुकतात, माझा सेंटर असाच दोन आठवडे दबलेला होता आणि डायलॉग नीट ऐकूच येत नव्हते.