हरणासाठी ठासणीची बंदूक: चकमकीची की इनलाइन? (पेनसिल्व्हेनिया)

सस्क्वेहाना_काठचा
नमस्कार मंडळी. शिकारीचा कोर्स झालाय, मागच्या नोव्हेंबरात साध्या रायफलीने एक मादी मिळाली. आता ठासणीची (नळीच्या तोंडातून दारू-गोळी भरायची) घ्यायचीय, पण एकच. दुकानदार इनलाइन (दारू सरळ मागून पेटवणारी नवी ठासणीची) गळ्यात मारतोय, शेजारचे आजोबा चकमकीवर (गारगोटीच्या ठिणगीने पेटणारी जुनी) अडून बसलेत. काय करू?

गंधक_कोळसा
आधी सांग, जाणार कधी? ऑक्टोबरातल्या मादीच्या हंगामात इनलाइन, दुर्बीण, सगळं चालतं. ख्रिसमसनंतरच्या हंगामात मात्र फक्त चकमक, दुर्बीण नाही. १९७४ पासून तो चकमकवाल्यांचाच आहे. बर्फ, रिकामं जंगल, सावध झालेली हरणं. मी त्याच्यासाठीच वर्षभर थांबतो, त्यामुळे माझं मत एकतर्फी आहे हे धरून चाल.

चकमकीत चाप ओढल्यावर आधी रंजक (नळीबाहेरच्या खोबणीतली चिमूटभर दारू) पेटतं, मग काना (नळीत जाणारं बारीक भोक), मग बार. तेवढ्या वेळात नवशिका डोळे मिटतो नाहीतर नळी हलवतो. मीही पहिल्या वर्षी तीन हरणांना नुसता धूर दाखवला. नळी रिकामी ठेवून, रंजकाशिवाय, नुसता चाप ओढून सराव कर. पन्नास पावलांपलीकडे बार टाकू नकोस.

घेताना नळीतला पीळ (गोळी फिरवणाऱ्या आतल्या खाचांचा वेढा) विचार. चिंधीत गुंडाळलेल्या गोल गोळीला ४८ किंवा ६६ इंचांत एक वेढा हवा. इनलाइनचा २८ इंचांत एक वेढ्याचा पीळ लांबट गोळीसाठी असतो. आणि दारू खरी काळीच हवी. पर्यायी दारू पेटायला जास्त उष्णता लागते, चकमकीच्या ठिणगीला ती दाद देत नाही. खरी काळी दारू प्रत्येक दुकानात मिळत नाही, ती कुठे मिळते ते आधी शोध, बंदूक नंतर.

ओहायोतला_काका
अरे, पोराला घाबरवू नका. इनलाइनमध्ये ठिणगी सरळ दारूच्या मागून बसते, शॉटगनचा प्रायमर (ठोका बसताच पेटणारी छोटी टोपी) लागतो, पाऊस असो नसो उडतेच. दीडशे यार्डांवर दुर्बिणीतून नेम धरता येतो. जनावर जखमी होऊन पळण्यापेक्षा हे बरं. १९८५ ला नाइट कंपनीची एमके-८५ ही इनलाइन आली तेव्हा जुने लोक नाकं मुरडत होते, आज निम्म्यांकडे इनलाइनच आहे (निम्म्यांकडे हा माझा अंदाज). मागचा स्क्रू काढून नळी आरपार साफ करता येते, हे सुख वेगळंच.

सावंतवाडी_ते_स्क्रँटन
आमच्याकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीची होती, टोपीवाली (घोड्याखाली फुटणाऱ्या टोपीने पेटणारी). हरीण मारणं तिकडे १९७२ च्या कायद्यापासून गुन्हा, तेव्हा तुलना नको. पण आजोबांची एक सवय सांगतो: ठासायच्या गजावर दोन खुणा, एक रिकाम्या नळीची, एक भरलेल्या नळीची. दोनदा ठासली जात नाही. आणि दारू ठेवायच्या शिंगातून थेट नळीत कधी ओतायची नाही, मापातूनच. संध्याकाळी कितीही थकलात तरी कोमट पाण्याने धुवा, तेल लावा. रात्रभर तशीच ठेवली तर सकाळी गंज.

सस्क्वेहाना_काठचा
काका, पटतंय तुमचं, पण जानेवारीतलं रिकामं जंगल डोक्यात बसलंय. चकमकच घेतो. ओल्या बर्फात रंजक कसं टिकवता?

गंधक_कोळसा
लॉकवर (चकमक आणि रंजकाची खोबण असते त्या भागावर) चरबी चोळलेलं चामड्याचं टोपण बांध. आणि रंजक दर अर्ध्या तासाने फेकून नवं घाल, कोरडं वाटलं तरी.