मदत हवी आहे: बँक कर्जासाठी बचत गटाचे सहा महिने कधीपासून मोजायचे?

इंदूरजवळ महू तालुक्यातील एका गावात चर्चच्या समाजसेवा केंद्रातील सिस्टरांनी उभ्या केलेल्या, आदिवासी शेतमजूर महिलांच्या बचत गटाचे हिशेब मी पाहतो. गट वर्षभर नियमित चालू आहे. बैठका, बचत, आपसातील कर्ज, परतफेड आणि नोंदी ही पाचही सूत्रे पाळली जातात. मात्र गटाचे बँक खाते अलीकडेच उघडले असल्यामुळे, त्या तारखेपासून सहा महिने झाल्याशिवाय कर्जाचा अर्ज घेता येणार नाही, असे शाखेत सांगण्यात आले. राष्ट्रीय ग्रामीण उपजीविका अभियानाविषयीच्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकानुसार हा काळ खाते उघडल्यापासून नव्हे, तर गटाच्या हिशेबवह्यांवरून मोजायचा असतो. परिपत्रकाची प्रत दाखवूनही उत्तर बदलले नाही.

खाते गटाच्याच नावावर आहे, संस्थेच्या नाही, आणि पदाधिकाऱ्यांची केवायसी पूर्ण आहे. सोयाबीनच्या पेरणीपूर्वी पैसे मिळाले नाहीत, तर या महिला पुन्हा सावकाराकडे जातील. सावकारीतून गरिबांना सोडवण्यासाठी झटणाऱ्या सिस्टर राणी मारिया यांची २५ फेब्रुवारी १९९५ रोजी शेजारच्या देवास जिल्ह्यात हत्या झाली. त्यामुळे ही गोष्ट आमच्याकडे कोणी हलकी मानत नाही.

सिस्टरांना शाखेशी संबंध बिघडवायचे नाहीत, म्हणून तक्रार हा शेवटचा मार्ग ठेवला आहे. तत्पूर्वी जिल्ह्याच्या अग्रणी बँक व्यवस्थापकांना (जिल्ह्यातील बँकांच्या कामाचा समन्वय पाहणाऱ्या अधिकाऱ्यांना) पत्र द्यावे की आजीविका मिशनच्या (वरील अभियान राज्यात राबवणाऱ्या यंत्रणेच्या) तालुका कार्यालयाकडून हिशेबवह्या प्रमाणित करून घ्याव्यात, आणि कोणाच्या गटाचे काम अशा प्रमाणपत्रावर झाले असल्यास त्याचा मजकूर कसा होता?