६ डिसेंबर १९५६
१९५६ म्हणजे सुएझ कालव्यावरून झालेलं युद्ध आणि हंगेरीतला सोव्हिएतविरोधी उठाव असं म्हणतात, ते बरोबरच. मी त्यात मेलबर्न ऑलिंपिकची भर घालतो. ४ नोव्हेंबरला सोव्हिएत रणगाडे बुडापेस्टमध्ये घुसले आणि महिन्याभराने, ६ डिसेंबरला, ऑलिंपिकच्या वॉटरपोलोत (पाण्यात पोहत खेळायचा चेंडूचा खेळ) हंगेरी-रशिया समोरासमोर. आता यात खेळ कितीसा उरणार! पाण्याखाली लाथा आणि वर शिव्या. हंगेरीच्या पोरांना शाळेत सक्तीने रशियन शिकवलेलं, त्यामुळे शिव्याही रशियनांच्याच भाषेत. हंगेरी ४-० ने पुढे असताना अगदी शेवटी रशियाच्या प्रोकोपोव्हने हंगेरीच्या एर्विन झादोरच्या तोंडावर ठोसा हाणला. डोळ्यापाशी फुटलं, रक्ताने माखलेला झादोर पाण्याबाहेर आला आणि प्रेक्षक थेट तलावाच्या काठाशी धावले. सामना तिथेच थांबवून हंगेरीला विजयी ठरवलं. पुढे सुवर्णपदकही त्यांनीच नेलं. झादोर मात्र मायदेशी न परतता अमेरिकेला गेला.

त्याच दिवशी, त्याच शहरात आपण हॉकीच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानला १-० ने हरवलं होतं. पण आपल्याकडे ६ डिसेंबर त्यासाठी कोणाच्या लक्षात असणार? त्या दिवशी दिल्लीत बाबासाहेब गेले.