नवीन सुपरवायझर झालोय, सिनियर ऑपरेटर ऐकत नाहीत, काय करू?

भोसरीकर_मशीनशॉप:
नमस्कार मंडळी. डिप्लोमा करून लाइनवरच लागलो होतो, आता शिफ्ट दिलीय माझ्याकडे, १४ माणसं. सेटर काका (मशीनची सेटिंग तेच लावतात) माझ्या वडिलांच्या वयाचे, मी काही सांगितलं की मान हलवतात आणि करतात स्वतःच्याच पद्धतीनं. मागच्या आठवड्यात बोअर, म्हणजे पीसमधलं भोक, ओव्हरसाइज जात होता, कोणी बोललंच नाही, शेवटी क्वालिटीनं अख्खी ट्रॉली होल्ड केली. मेमो द्यायला लावू का?

जुना_सेटर:
मेमोचं आधी डोक्यातून काढ भाऊ. कोणी बोललं नाही हे खरं दुखणं आहे. पीस बिघडतोय हे ऑपरेटरला सगळ्यात आधी कळतं पण मशीन थांबवलं की आकडा पडतो आणि बोलणी त्यालाच बसतात, मग तो कशाला तोंड उघडेल? टोयोटाच्या लाइनवर दोरी असते, अडचण आली की कामगार ओढतो, टीम लीडर लगेच तिथे येतो, नाहीच सुटलं तर लाइन थांबते, आणि ओढली म्हणून कोणी झापत नाही. तू सगळ्यांसमोर सांग की शंका आली तर थांबवा, कमी प्रॉडक्शनचं वर मी बघतो. आणि पहिल्यांदा कोणी थांबवेल तेव्हा खरंच बघ, पूर्ण शिफ्टचं लक्ष तिकडेच असणार.
काकांना पद्धत शिकवू नको, विचार. इन्सर्ट (टूलची कापणारी टीप) किती पीसनंतर बदलायचा, आधीच्या शिफ्टनं ऑफसेट (मशीनमध्ये भरलेली टूलची मापदुरुस्ती) का हलवला असेल, हे त्यांच्याएवढं कोणाला माहीत असणार.

क्वालिटीवाली_ताई:
सुट्टी आणि ओटीकडे (ओव्हरटाइम) पण लक्ष दे रे. ओटीला दुप्पट रेट म्हणून तो सगळ्यांना हवा आणि गणपतीत सुट्टीही सगळ्यांनाच हवी, कोकणातली मंडळी तर थांबतच नाहीत. मर्जीतल्या दोघांनाच मिळतंय असं वाटलं की टीम हातातून गेलीच समज, त्यापेक्षा पाळ्यांचा तक्ता सरळ बोर्डावर लाव. कंत्राटी पोरांना नावानं हाक मार. आणि चुकलं तर बाजूला नेऊन बोल, चारचौघांत नाही.

भोसरीकर_मशीनशॉप:
धन्यवाद दोघांना. पण काका मशीनच्या दरवाज्याचा इंटरलॉक (दार उघडं असलं की मशीन चालू न देणारा स्विच) बायपास करून चालवतात, सायकल टाइम, म्हणजे एका पीसला लागणारा वेळ, वाचतो म्हणे. तिथे पण विचारायचं का?

जुना_सेटर:
नाही, तिथे अजिबात नाही. हात जाईल कुणाचा तरी. लगेच मशीन बंद कर, मेंटेनन्सला लेखी कळव, इंटरलॉक जोडल्याशिवाय पुढचा पीस लावू देऊ नको, काका कितीही चिडले तरी. आणि सायकल टाइम खरंच कमी पडत असेल तर ते प्लॅनिंगकडे तू घेऊन जा, काकांना सोबत ने.