मदत हवी आहे: मांड्या भरून आल्यात, पोलीस भरतीचं ग्राउंड तोंडावर

भरती_परभणी
पायऱ्या उतरता येईना गेलंय. चढायला तेवढं नाही, उतरताना मात्र गुडघ्याच्या वरचं असं ओढतंय की भिंत धरल्याशिवाय पाऊल पडत नाही. खाली बसलो तर हात टेकून उठावं लागायलंय. सरांनी परवा पायाचं घेतलं तेव्हापासून हे चालूय. सराव बुडवून जमणार नाही, १६०० मीटरला २० मार्क हायेत, तेच गेले तर सगळं गेलं. गोळी, तेल, बर्फ, काहीबी सांगा, पण उद्या पळता आलं पाहिजे. लवकर सांगा.

फिजिओताई_नांदेड
"पायाचं घेतलं" म्हणजे नेमकं काय? वजन घेऊन की नुसत्या बैठका? याआधी सवय होती का? दोन्ही पाय सारखेच दुखतात की एकच? सूज आहे? लघवीचा रंग कसा आहे? एवढं कळल्याशिवाय मी गोळी सांगणार नाही, आणि तुम्हीही मनानं घेऊ नका.

जिमवाला_संभाजीनगर
भाऊ, लॅक्टिक ॲसिड साचलंय, दुसरं काही नाही. टबात बर्फ टाक आणि दहा मिनिटं कमरेपर्यंत बस. मग फोम रोलर, म्हणजे फोमचा लाटण्यासारखा रूळ, मांडीवर फिरव. मी प्रत्येक लेग डेनंतर हेच करतो.

रानातला_जिंतूर
टब भरायला पाणी कुठून आणायचं? उन्हाळ्यात टँकरचं पाणी प्यायला पुरत नाही. लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. हंडाभर पाण्यात होईल असं काही सांगा लेकराला.

जुनी_तालीम_उदगीर
नवं पोरगं तालमीत आलं की आमचे वस्ताद पहिल्या दिवशी मोजक्याच बैठका मारायला लावायचे, मग रोज थोड्या थोड्या चढवायचे. अंग धरलं म्हणून कुणी झोपून राहायचं नाही. दुसऱ्या दिवशी हलकं काम, थोडा आखाडा खणायचा, मग कोमट तिळाच्या तेलानं मालिश. पैलवान हरिश्चंद्र बिराजदार आपल्याच लातूर जिल्ह्यातले, त्यांच्या काळात कुठं होते रोलर?

फिजिओताई_नांदेड
जिमवाले दादा, लॅक्टिक ॲसिडचा याच्याशी संबंध नाही. व्यायाम थांबल्यावर साधारण तासाभरात ते रक्तातून कमी होतं. हे दुखणं वर येतं दुसऱ्या दिवशी, आणि २४ ते ७२ तासांत सगळ्यात जास्त असतं. बैठकीत खाली जाताना स्नायू ओझं सांभाळत लांबत जातो, त्यात तंतूंना बारीक इजा होते आणि मग तिथं सूज धरते. पायऱ्या उतरतानाही स्नायूला हेच काम असतं, म्हणून उतरणं जड जातं. थिओडोर हफ या अमेरिकी शास्त्रज्ञानं १९०२ सालीच हे दुखणं स्नायूच्या आतल्या इजेचं असल्याचं मांडलं होतं. बर्फानं थोडं बरं वाटतं, पण ताकदीच्या व्यायामानंतर दर वेळी बर्फात बसलं तर स्नायू वाढायला अडथळा येतो. हलक्या हातानं मालिश चालेल, रगडू नका.

परभणीकर, माझ्या प्रश्नांची उत्तरं राहिलीत.

जिमवाला_संभाजीनगर
पुस्तकातलं वेगळं आणि जिममधलं वेगळं, ताई. माझ्याकडं किती पोरं तयार झाली. खरी अडचण प्रोटीनची आहे. पिठलं-भाकरीवर मसल होत नाही. सकाळ-संध्याकाळ व्हे, म्हणजे दुधातल्या प्रोटीनची पावडर, चालू कर.

सोयाबीन_औसा
मेसचा डबा खाणाऱ्या पोरानं व्हेचा डबा कशातून आणायचा? सोया वड्यांत १०० ग्रॅमला ५० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, शेंगदाण्यात २५. वरून रोज दूध आणि अंडी. आपल्याच शेतातला माल आहे. पिकवणाऱ्याला मात्र भाव नाही. २०२४-२५ ला सोयाबीनचा हमीभाव ४८९२ रुपये जाहीर झाला होता, बाजारात कुणाला तेवढा मिळाला ते सांगा.

रानातला_जिंतूर
आमचा माल तर ओलावा जास्त दाखवून परत पाठवला. शेवटी व्यापाऱ्याला घालावा लागला.

भरती_परभणी
सोयाबीनवर नका जाऊ ना, इथं मला चालता येईना.
ताई, वजन नव्हतं. आधी साध्या बैठका, मग उड्या मारत, मग लंजेस. पत्र्याच्या शेडमध्ये, भर उन्हाचं. शंभराच्या पुढं मोजायचं सोडून दिलं, सर थांबा म्हणेपर्यंत मारल्या. मला सवय होती, मधे बंद पडलं होतं. दोन्ही पाय सारखेच हायेत, सूज नाही, लघवी नेहमीसारखी. माझ्या रूममेटचं जास्त झालंय, तो पहिल्यांदाच आला होता. त्याच्या मांड्या दगड झाल्यात आणि सकाळपासून लघवी काळ्या चहासारखी होतीय, तो पाणीच पित नाही म्हणून असल. त्यानं मेडिकलवरून दुखण्याची गोळी आणलीय, दोन घेतल्या. तीच मी घेऊ का?

फिजिओताई_नांदेड
गोळी राहू द्या. रूममेटला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या, सकाळची वाट बघू नका.
स्नायू फार प्रमाणात तुटले की त्यातलं मायोग्लोबिन नावाचं प्रथिन रक्तात उतरतं, लघवी काळपट होते आणि किडनी बंद पडू शकते. याला रॅब्डोमायोलिसिस म्हणतात. सवय नसताना, उन्हात, पाणी न पिता एकदम ढीगभर बैठका मारल्या की हे होऊ शकतं. गेल्या गेल्या सांगा: बैठका कधी मारल्या, लघवी कधीपासून काळी, कोणती गोळी किती घेतली. रक्तातलं सीपीके (स्नायू किती तुटले ते कळतं), क्रिएटिनिन (किडनीचं काम कळतं) आणि पोटॅशियम तपासा म्हणा. गोळीचं पाकीट सोबत न्या. डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन असेल तर अंगात पाणी कमी असताना तीही किडनीवर जाते.

जिमवाला_संभाजीनगर
ताई, पोरांना घाबरवू नका. उन्हाळ्यात सगळ्यांचीच लघवी गडद असते. लिंबू-मीठ-साखरेचं पाणी पाज, उतरंल.

जुनी_तालीम_उदगीर
नाही, इथं ताईचं ऐका. लघवीला लाल-काळं दिसलं की आमचे वस्तादसुद्धा तेल बाजूला ठेवून डॉक्टरकडं धाडायचे. निघ पोरा.

फिजिओताई_नांदेड
पाणी कमी पडलं की लघवी गडद पिवळी होते. तपकिरी दिसली आणि मांड्या कडक असल्या तर घरी पाणी पाजत बसायचं नसतं. निघालात का?

भरती_परभणी
सरकारी दवाखान्यात आलोय. ॲडमिट करून घेतलं, सलाईन चालूय. सीपीके खूप वाढलंय म्हणाले, क्रिएटिनिन थोडं वर आहे, उद्या परत रक्त घेणार. गोळी बंद केली. त्याच्या घरी फोन लावला, वडील सेलूहून निघालेत.
आता माझं सांगा ताई, उद्या पळू का?

फिजिओताई_नांदेड
बरं केलंत लगेच नेलं ते.
तुम्ही उद्या पळू नका. सपाटीवर पंधरा-वीस मिनिटं चाला, सकाळी आणि संध्याकाळी. भरपूर पाणी, पोटभर जेवण आणि रात्रीची पूर्ण झोप, औषध एवढंच. भिंत न धरता पायऱ्या उतरता आल्या की हळू जॉगिंग सुरू करा, १०० मीटरची स्प्रिंट सगळ्यात शेवटी. दुखतंय तोवर पायात ताकदही कमी असते, जोर लावला तर लचक भरेल. बहुतेकांचं आठवड्याच्या आत उतरतं. हे दिवस वाया गेले असं समजू नका, स्नायू यातूनच तयार होतो, तोच व्यायाम पुढच्या वेळी बराच कमी दुखतो. ग्राउंड होईपर्यंत नवीन प्रकार मात्र सुरू करू नका, सर म्हणाले तरी. स्वतःच्या लघवीवर अजून लक्ष ठेवा.
आणि त्या शेडमध्ये बाकीची पोरं होती ना? सगळ्यांना आत्ताच विचारा.

भरती_परभणी
तीस-पस्तीस असतील. ग्रुपवर टाकलं, सरांनाबी फोन केला. एका मुलीचा मेसेज आलाय, तिचीबी तशीच आहे. तिला इकडंच बोलवून घेतलंय.

नवीन_हिंगोली
मला एक विचारायचं होतं, ग्राउंडला गोळा कितीचा असतो? मी ५ किलोच्या गोळ्यावर सराव करायलोय.

जिमवाला_संभाजीनगर
पुरुषांना ७.२६ किलो, महिलांना ४. आत्ताच बदल.