प्लांटेड टँकसाठी छोटे, शांत कॅटफिश कोणते घ्यावेत?

नितळ:

नमस्कार मंडळी,

माझी टाकी ६० × ३० × ३६ सेंमीची आहे, आत साधारण ५५ लिटर पाणी बसतं. ड्रिफ्टवूडला अनुबियास आणि जावा फर्न बांधलंय, मागे वालिस्नेरियाची रांग आहे, मधल्या भागात क्रिप्टोकोरीन चांगलं पसरलंय. टाकी रुळलेली आहे. अमोनिया आणि नायट्राइट शून्य येतात, तापमान २५ अंशांच्या आसपास असतं. मासे म्हणजे एम्बर टेट्रांचा थवा आणि हनी गोरामीची जोडी. शिवाय चेरी श्रिम्प आहेत.

वरचा आणि मधला भाग भरलेला दिसतो, तळ मात्र ओका वाटतो. तिथे दोन-तीन जातींचे छोटे कॅटफिश सोडावेत असं मनात आहे. दुकानात विचारलं तर एकाने काच साफ राहील म्हणून सकर सुचवला, दुसऱ्याने पिक्टस दाखवला. पिक्टस फारच देखणा आहे, पण त्याला बघून एम्बरची काळजी वाटली. माझ्या अटी इतक्याच: झाडं उपटू नयेत, टेट्रांना आणि श्रिम्पना त्रास नको, आणि मोठे झाल्यावर टाकी अपुरी पडायला नको. सध्या तळाला ३-४ मिमीची खडी आहे. काय घेऊ?

वाळूतळ:

नितळ, एम्बरची काळजी वाटली ते बरोबरच आहे. पिक्टस ११-१२ सेंमीचा होतो, रात्री शिकार करत फिरतो आणि तोंडात मावेल ते गिळतो. एम्बर तर जेमतेम २ सेंमीचा. सकर म्हणून जे पिल्लू मिळतं ते बहुतेक वेळा टेरिगोप्लिक्थिस गटातलं प्लेको (तोंडाने काचेला चिकटणारा कॅटफिश) असतं. दुकानात बोटाएवढं दिसतं, पण वाढून ३० सेंमीच्याही पुढे जातं. एवढा मासा वळला तरी क्रिप्ट मुळासकट वर येतं, आणि त्याची घाण तुमच्या फिल्टरला झेपणार नाही. त्याच दुकानात ‘शार्क’ नावाने चंदेरी पिल्लं दिसली तर तीही टाळा. तोही कॅटफिशच आहे, पंगॅशियस, आणि मीटरभर वाढतो.

कॅटफिश निवडताना मी सफाईचा विचार डोक्यातून पूर्ण काढून टाकतो. हे मासे तळ साफ ठेवतात या समजुतीने त्यांचे फार हाल होतात. कोरी, म्हणजे कोरीडोरस गटातला छोटा मिशाळ कॅटफिश, विष्ठा खात नाही. टेट्रांच्या तोंडून सुटलेल्या चार कणांवर त्याचं भागेल म्हणून सोडलेला कोरी हळूहळू खंगतो, आणि दिवे बंद असताना फिरत असल्याने ते लवकर लक्षातही येत नाही. मासा कुठे वावरतो, काय खातो आणि त्याला सोबत किती लागते, एवढं बघून निवड करा.

तुमच्या टाकीसाठी मी बुटक्या कोरींपैकी एक जात घेईन. तीन जाती सहसा मिळतात. पिग्मियस म्हणजे पिग्मी कोरी: अडीच ते तीन सेंमी, तोंडापासून शेपटीपर्यंत अंगावर एक सलग काळी रेघ. हॅस्टॅटस तेवढाच, पण रेघ ठळक नसते. शेपटीच्या मुळाशी काळा ठिपका आणि त्याला लागून पांढरी किनार असते. हॅब्रोसस थोडा भरलेला, अंगावर तुटक डाग. वागणुकीत मोठा फरक आहे. हॅब्रोसस खराखुरा तळाचा मासा, त्याला मोकळी वाळू हवीच. पिग्मी आणि हॅस्टॅटस बराच वेळ मधल्या पाण्यात तरंगतात, छातीचे पर भराभर हलवत एका जागी थांबतात आणि दमले की अनुबियासच्या रुंद पानावर टेकतात. चार-पाच पिग्मी एकाच पानावर ओळीने बसलेले दिसतात तेव्हा टाकीसमोरून उठवत नाही.

तुमच्याकडे अनुबियास आहे, क्रिप्टची दाटी आहे, सोबतचे मासे छोटे आणि निवांत आहेत. म्हणून पिग्मी, आणि निदान दहा. दोन-तीन घेतले तर ते लाकडामागे दडून बसतील आणि आपला पैसा पाण्यात गेला असं वाटेल. गट मोठा असेल तर तेच मासे भर उजेडात पुढे येतात. दोन-तीन जाती प्रत्येकी तीन-तीन घेण्याचा विचार असेल तर तो सोडा. एकाच जातीचा मोठा गट केव्हाही चांगला.

आणखी एक. २०२४ मध्ये कोरीडोरस गटाची मोठी फेरमांडणी झाली, त्यात पिग्मियस आणि हॅस्टॅटस हे गॅस्ट्रोडर्मस या प्रजातीत (जीनसमध्ये) गेले. दुकानात जुनंच नाव चालतं, पण माहिती शोधताना दोन्ही नावांनी शोधा.

अनुबियास:

वाळूतळ यांच्या पिग्मीला अनुमोदन. पण टाकी जुनी आणि झाडांनी भरलेली आहे म्हणून ओटोसिंक्लसचंही नाव घेते. चारेक सेंमीचा हा कॅटफिश पानावर पोट टेकवून तोंडाने खरडत पुढे सरकतो. क्रिप्टच्या पानांवरचा तपकिरी डायटमचा (सूक्ष्म शेवाळाचा) थर तो खातो आणि पानाला जराही इजा करत नाही. श्रिम्पच्या पिल्लांसाठीही याच्याइतका निर्धोक मासा मला माहीत नाही.

अडचण मासा घरी आणण्याआधी सुरू होते. ओटो बहुतेक नदीतून पकडलेले असतात आणि प्रवासात, साठवणीत बराच काळ उपाशी राहतात. म्हणून दुकानात मासा काचेला चिकटला की त्याचं पोट काचेतून नीट बघा. ते भरलेलं, किंचित फुगीर हवं. पोट आत गेलेलं असेल, डोक्यामागे खळगा दिसत असेल तर किती दया आली तरी घेऊ नका. अशा माशाला नंतर कितीही खायला घातलं तरी बरेचदा तो सावरत नाही. नुकतीच आलेली खेप त्याच दिवशी घेऊ नका. दुकानदाराला आठवडाभर सांभाळू द्या, मग उरलेल्यांतले जे सतत खरडताना दिसतील ते निवडा.

घरी आणल्यावर मागची आणि एका बाजूची काच घासू नका, तिथला थर त्यांच्यासाठी राहू द्या. शेवाळ कमी पडलं तर उकळत्या पाण्यातून काढलेल्या काकडीची चकती चमच्याला बांधून रात्री तळाला ठेवा, सकाळी काढून टाका. काही ओटो दुसऱ्याच दिवशी येतात, काहींना ते खाणं आहे हे कळायलाच वेळ लागतो. धीर धरा.

नितळ:

दोघांचेही मनापासून आभार. सकर आणि पिक्टस दोन्ही बाद. पिग्मी नक्की, ओटो त्यांच्यानंतर.

दोन शंका. खडी काढून वाळू टाकायची तर क्रिप्ट उपटावं लागेल का? ते एकदा हललं की सगळी पानं गाळतं म्हणतात. दुसरं म्हणजे दुकानात काही कोरी सटकन वर जाऊन पुन्हा खाली येत होते. पाण्यात ऑक्सिजन कमी असल्याची ती खूण का?

वाळूतळ:

क्रिप्टला हात लावू नका. पानं गाळण्याबद्दल ऐकलंत ते खरं आहे, आणि कारण नसताना त्याला त्रास द्यायची गरज नाही. फक्त पुढचा पट्टा मोकळा करा. पाणी बदलताना जाड नळीने पुढची खडी थोडी थोडी ओढून घ्या. एका दमात सगळी काढली तर खाली साचलेली घाण पाण्यात मिसळते. मग क्रिप्टच्या पुढे लाकडाचे तुकडे किंवा गुळगुळीत दगड आडवे लावा आणि पुढच्या मोकळ्या जागेत दोन-तीन सेंमी वाळू पसरा. दगडांची आड नसेल तर थोड्याच दिवसांत वाळू खडीत झिरपते. वाळू आधी बादलीत धुवा, पाणी नितळ येईपर्यंत. ती बारीक आणि गोल कणांची हवी. चिमटीत घेऊन चोळली तर बोटाला टोचता कामा नये.

वाळूचा एवढा आग्रह कशासाठी, ते कोरीला खाताना जवळून पाहिलं की पटतं. मासा तिरका होतो, मुस्कट डोळ्यांपर्यंत वाळूत खुपसतो, तोंडभर वाळू घेतो आणि खाण्याचा कण ठेवून बाकीची वाळू कल्ल्यांतून दोन्ही बाजूंनी बाहेर सोडतो. मागे वाळूचे बारीक झोत दिसतात. ३-४ मिमीच्या खडीत त्याला हे करताच येत नाही, आणि खाणं फटींत उतरून तिथेच कुजतं. अशा घाणेरड्या, खरबरीत तळावर राहिलेल्या कोरींच्या मिशा झिजतात. दुकानात ओटोचं पोट बघा तशा कोरीच्या मिशा बघा. दोन्ही बाजूंच्या शाबूत असतील, टोकं लाल किंवा बोथट नसतील, तरच घ्या. पिग्मी मधल्या पाण्यात राहतो म्हणून खडीवर कसाबसा निभावतो, पण वाळू मिळाली की त्याचं चाळणं तुम्हाला रोज दिसेल.

आता वर जाण्याबद्दल. कोरी पृष्ठभागावर येऊन हवेचा घोट घेतो आणि आतड्यातून त्यातला ऑक्सिजन शोषतो. कमी ऑक्सिजनच्या पाण्यात टिकून राहायची त्याची ही जन्मजात सोय आहे. मधूनच एखादा सटकन वर जाऊन आला तर काही बिघडलेलं नाही. पण सगळेच सारखे वर जात असतील आणि कल्ले भराभर हलत असतील, तर आधी अमोनिया-नायट्राइट तपासा आणि पृष्ठभागावर हालचाल वाढवा. झाडांसाठी टाकीत सीओटू (कार्बन डायऑक्साइड) सोडणाऱ्यांनी तर नक्कीच. तो जास्त झाला तरी मासे असेच वर धाव घेतात.

खाण्याचं म्हणाल तर पिग्मीचं तोंड अगदी लहान असतं. बुडणाऱ्या गोळ्या चुरून द्या. त्याबरोबर बेबी ब्राइन श्रिम्प, डॅफ्निया, बारीक चिरलेले फ्रोझन ब्लडवर्म आलटून पालटून. एम्बर आणि गोरामींना आधी एका टोकाला वर खायला घाला आणि ते तिथे गुंतले की दुसऱ्या टोकाला वाळूवर कोरींचं खाणं सोडा. दिवा बंद झाल्यावर थोडं वेगळं द्या. आणि फिल्टरच्या शोषणाऱ्या तोंडावर स्पंज लावा. श्रिम्प आहेत म्हणजे लावलाच असेल, पण पिग्मीच्या पिल्लांनाही तो लागतोच.

कोरी शक्यतो जाळीत पकडू नका. पाठीवरच्या आणि छातीच्या परांचा पहिला काटा तो ताठ उभा करतो आणि तो तसाच अडकून राहतो. जाळीत गुंतला तर ओढाताण करू नका, तेवढी जाळी कात्रीने कापा. त्याहून सोपं म्हणजे पाण्यातच प्लास्टिकच्या भांड्यात वळवून घ्या.

शांतपाणी:

नितळ, एक नाव राहिलं: काचेसारखा आरपार दिसणारा ग्लास कॅटफिश. आपल्याकडच्या टाक्यांत असतो त्याला क्रिप्टॉप्टेरस विट्रिओलस हे शास्त्रीय नाव २०१३ मध्ये मिळालं. त्याआधी वर्षानुवर्षं तो दुसऱ्याच जातीच्या नावाने विकला जात होता. पाठीचा कणा, काटे, सगळं दिसतं, आणि पूर्ण थवा एकाच दिशेला तोंड करून प्रवाहात उभा राहतो. स्वभावाने शांत आहे. पण साडेसहा सेंमीचा होतो, सहापेक्षा कमी ठेवला तर भेदरून राहतो आणि मधलं पाणी व्यापतो. तुमचं मधलं पाणी एम्बरनी भरलंय, शिवाय श्रिम्पची पिल्लं तो सोडणार नाही. पुढे ८०-९० सेंमीची टाकी घेतलीत तर नक्की विचार करा. या टाकीत नको.

अनुबियास:

आणि कुणी कूली लोचचं नाव सुचवलं तर तो कॅटफिश नाही, लोच या वेगळ्या गटातला मासा आहे. शांत आहे, पण गांडुळासारखा वाळूत शिरतो आणि दिवसा क्वचित दिसतो. ओका तळ भरायला उपयोग नाही.

नितळ:

ठरलं. आधी पुढचा पट्टा वाळूचा करतो, टाकी स्थिर झाली की दहा पिग्मी. दहाही एकदम सोडले तर फिल्टरवर ताण येईल का? आणि आधी वेगळ्या टाकीत ठेवू का?

वाळूतळ:

वेगळी टाकी असेल तर जरूर ठेवा, दोन-तीन आठवडे. उघडा तळ, स्पंज फिल्टर, लपायला जावा फर्नचा गुच्छ, एवढं पुरे. नवे मासे तिथे खायला शिकतात आणि पांढरे ठिपके किंवा बुरशी असली तर तिथेच कळते. औषध द्यायची वेळ आली तर तिथेच द्या. कोरींना नेहमीच्या मात्रेचीही औषधं कधीकधी सोसत नाहीत आणि तांब्याची औषधं मुख्य टाकीत गेली तर श्रिम्प मरतील.

दहाचा ताण म्हणाल तर अडीच सेंमीचे दहा मासे रुळलेल्या फिल्टरला जड नाहीत. एकदम सोडा, पाच-पाच करून सोडले तर पहिले पाच लपून बसतील. पहिल्या आठवड्यात खाणं हात राखून घाला, एक दिवसाआड नायट्राइट बघा आणि थोडं जरी दिसलं तरी त्याच दिवशी २५ टक्के पाणी बदला. नवं पाणी क्लोरिन काढलेलं आणि टाकीच्याच तापमानाचं असू द्या. पुढे महिन्या-दोन महिन्यांनी ते छान भरले, की एखाद्या वेळी मुद्दाम दोन अंश थंड पाणी घालून बघा. कोरी पावसाळी पाण्याच्या चाहुलीने अंडी घालतात, आणि ती तुम्हाला काचेवर नाहीतर अनुबियासच्या पानाखाली एकेक चिकटवलेली सापडतील. वाढवायची असतील तर पान किंवा अंडी त्याच दिवशी हलवा, कारण श्रिम्प आणि खुद्द कोरीसुद्धा ती खातात.